एकोणऐंशी मिनिटांचा धीर

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र विमानाच्या कप्तानाने नेहमीसारखं शर्टाच्या खिशातून काढून दिलं, पण त्याच खिशात त्याचं पेन गळलं होतं. चार पानांतले 'तब्येत' आणि 'मेंढ्या' एवढे दोनच शब्द वाचता आले. तुझी तब्येत बरी आहे आणि मेंढ्या धावपट्टीवर आहेत असं मी धरून चालते. उलटं असेल तर कळव. फोन मात्र करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मला तुमच्या डोंगरावरचा वारा तेवढा ऐकू येतो, आणि मी अर्धा तास वाऱ्याला 'हो हो' म्हणत बसते.

आता कामाचं. परवा मुख्य कचेरीतून एक साहेब आमच्या विमानतळावर आले होते. माझ्या कॅन्टीनमध्ये बसून दोन ऑम्लेटं खाल्ली, तोंड पुसलं आणि फाईल टेबलावर विसरून हात धुवायला गेले. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं. पण फाईल उघडी होती आणि माझा चष्मा डोळ्यांवर होता, त्याला मी काय करू?

आत आपल्या विमानाचा तक्ता होता. वेळापत्रकाप्रमाणे इकडून तुझ्याकडे पोचायला पासष्ट मिनिटं. गेल्या आठ महिन्यांची सरासरी, एकोणऐंशी! खाली तांबड्या शाईत लिहिलंय की पंचाहत्तरच्या वर गेलेला मार्ग रखडलेला समजावा आणि १ मेपासून बंद करावा.

आणि गंमत बघ, परतीच्या रकान्यात एकोणसाठ. विमान तेच, कप्तान तोच, आकाशही बदललेलं नाही. तुझ्याकडे जाताना मात्र वीस मिनिटं जास्त लागतात. तुझ्याकडे यायला चढ आहे का रे? कप्तानाला विचारलं तर म्हणाला, "मावशी, माझ्या वहीत दोन्हीकडे सत्तरच्या आतबाहेरच आहे." मग ती वही दाखव ना साहेबांना! तर म्हणे ती वही इंजिनवाल्यांकडे जाते, वेळेच्या खात्यात फक्त विमानतळांच्या वह्या धरतात. एका हाताचं दुसऱ्या हाताला माहीत नाही.

मी इथे एकोणीस वर्षं चहा उकळतेय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहाच्या ठोक्याला ते एकोणीस खुर्च्यांचं विमान तुझ्याकडे निघतं, आणि मला वाटतं, चला, धाकट्याच्या दारात जाऊन येईल. ते बंद झालं तर तुझं पत्र यायला दोन बस आणि एक बोट लागेल, आणि तू यायला पुढचा जन्म. काहीतरी कर.

लोभ आहेच, विमान राहू दे म्हणजे झालं.

तुझी ताई


५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

तब्येत बरी आहे. मेंढ्या धावपट्टीवर आहेत. तुझा अंदाज अचूक.

तुझं पत्र मी कारकूनबाईंना वाचून दाखवलं. त्या गेल्या जूनमध्ये इथे बदलून आल्या. त्याआधी येण्याजाण्याची वही मीच लिहायचो, आणि माझं अक्षर तुला ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, "साहेब, मी डोळ्यांत तेल घालून लिहिते. चाक जमिनीला टेकलं की घड्याळ बघते आणि आकडा टाकते." ते खरंच आहे. त्यांच्या वहीत एकही खाडाखोड नाही. तेव्हा आकड्यांवर शंका घेऊ नकोस.

कारण साधं आहे, नीट समजून घे. नकाशावर पट्टी ठेवली तर तुझ्या विमानतळापासून माझ्यापर्यंत दोनशे चौदा किलोमीटर. पण मधे शिखर आहे, आणि ते पट्टीखाली दबत नाही. वळसा घालून दोनशे नव्वद होतात. वर समोरचा वारा. परत जाताना तोच वारा पाठीला असतो, म्हणून एकोणसाठ. यात चढ वगैरे काही नाही. कप्तानाचं म्हणशील तर सगळे वैमानिक आपल्या विमानाला चार मिनिटं सूट देतात, आईबाप पोराला देतात तशी.

मी काय करणार, ताई? वाऱ्याला अर्ज देऊ? बावीस वर्षं इथे तिकीट मी फाडतो, सामान मी चढवतो, मेंढ्या मी हाकतो, आणि विमान उतरताना आगीच्या बंबाच्या चाकाशीही मीच बसतो. मला बदली माणूस होता तो निवृत्त झाला, जागा कुणी भरली नाही. माझी अडचण तुला माहीत आहे. विमान आलं की मी जागेवर हवा, आणि विमान नसेल तर तुझ्याकडे येऊ कशाने?

तू मात्र येऊ शकतेस. कॅन्टीनच्या दारापासून विमानाच्या शिडीपर्यंत साठ पावलं आहेत, तूच मोजून सांगितली होतीस. आई गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून आपण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. आता तर तीनच महिने उरलेत. ये ना.

तुझी भावजय म्हणते, गाद्या उन्हात टाकून ठेवल्या आहेत.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझं वाऱ्याचं शास्त्र वाचलं. आता माझं ऐक. माझ्या खिडकीतून वाऱ्याची ती नारिंगी पिशवी दिसते. एकोणीस वर्षं भांडी विसळताना तिच्याकडेच बघतेय. ती कधी इकडे तोंड करते, कधी तिकडे, कधी लंगोटासारखी नुसती लोंबते. मग तुझी ती वीस मिनिटं रोजच्या रोज बरोबर वीस कशी? वारा काय कारकूनबाईंसारखा नोकरीला आहे?

यायचं म्हणतोस, तर बघते. सध्या जरा कठीण आहे. ऑम्लेटवाला रजेवर आहे. माझा उजवा गुडघा कुरकुरतोय. कोठीत मांजर व्यालंय, चार पिल्लं आहेत, त्यांचे डोळेसुद्धा उघडलेले नाहीत. शिवाय फ्रिज मधूनच बंद पडतो, त्याला मीच धपाटा घालावा लागतो, दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाही. मार्चमध्ये बघू.

भावजयीला म्हणावं, गाद्या आत घे, ऊन लागून कापूस कडक होईल.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

मागच्या वर्षी फ्रिजच होता. त्याआधी गुडघा होता, तेव्हा तो डावा होता. मांजर तर दर वर्षी वितं.

मी काही दूधखुळा नाही, ताई. तू का येत नाहीस ते मला कळलंय, आणि आता ते बोलून टाकलेलं बरं. कारण आईचं घड्याळ.

ते तुझ्या घरातलं होतं. आईची शेवटची बारा वर्षं तू काढलीस, तिचं सगळं तू केलंस. आणि मी आलो, चार दिवस राहिलो, आणि निघताना भिंतीवरून घड्याळ उतरवून पिशवीत घातलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, हे माहीत होतं, आणि म्हणूनच विचारवलं नाही. त्या दिवशी तू दारात उभी होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस. मला ते आजही डोळ्यांसमोर दिसतं.

इथे आलो तर ऑफिसचं घड्याळ बंद पडलेलं. कचेरीने नवं पाठवलं नाही, म्हणून आईचंच लावलं. सहा वर्षं ते माझ्या टेबलामागे आहे. दर रविवारी किल्ली देतो आणि आईसारखंच लावतो. त्याच्याकडे बघितलं की मला घरात असल्यासारखं वाटतं. पण ते माझं नाही.

हे पत्र घेऊन येणाऱ्या कप्तानाच्या हातात एक खोका असेल. त्यात घड्याळ आहे. कारकूनबाई विचारत होत्या की आता वेळ कशात बघू. मी म्हटलं, तुमच्या मनगटावर.

मुख्य कचेरीचं पत्र आलंय. मार्चचा पूर्ण महिना ते आपला मार्ग तपासणार. सरासरी पंचाहत्तरच्या आत आली तर ठीक, नाहीतर १ मेला कुलूप. ती आत येणार नाही, हे तुलाही कळतं. तेव्हा राग सोड आणि एकदा ये.

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी

अरे वेड्या,

आशीर्वाद वगैरे नंतर.

खोका पोचला. मी तो उघडलेला नाही आणि उघडणारही नाही. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. सहा वर्षांपूर्वी घरी जाऊन तू पिशवी उघडलीस तेव्हा घड्याळ कशात होतं? जाड निळ्या टॉवेलात, चारी बाजूंनी खोचलेलं, वर सुतळी. ते कुणी गुंडाळलं होतं? तू? तुला आयुष्यात डबा तरी धड बांधता आलाय का? तू अंघोळीला गेलास तेव्हा मी पिशवी उघडली, घड्याळ नुसतंच शर्टांवर पडलेलं दिसलं, काच फुटेल म्हणून मी ते गुंडाळलं. दारात मी बोलले नाही कारण तोंड उघडलं असतं तर रडले असते. बस सुटायला आली होती, तुझी बस चुकली असती. विमानात जागा नाही म्हणून तू बिचारा तीन दिवस धक्के खात आला होतास, आणि तसाच परत चालला होतास. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलास. त्यावरून तुझ्यावर रागवायला मला काय शिंगं फुटली होती?

आता खरं सांगते. हसलास तर याद राख.

मला विमानाची भीती वाटते.

झालं, लिहिलं. हे वाक्य मी इथे कुणापुढे उच्चारू शकत नाही. तुला माहीत नाही इथे माझं काय नाव आहे ते. कुणी पहिल्यांदा विमानात बसणारं असलं, हातपाय कापत असले, की तिकिटवाला म्हणतो, "आधी कॅन्टीनमध्ये मावशींना भेटून या." मग मी त्यांना गोड चहा देते, पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, "काही होत नाही हो! डोळे मिटायचे, उघडायचे, की पोचलात." एकोणीस वर्षांत शेकडो माणसं मी अशी वर पाठवली. आणि ही सगळ्यांना धीर देणारी बाई स्वतः एकदाही गेली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय!

तीनदा तिकीट काढलं होतं. पहिल्यांदा शिडीच्या पायथ्याशी गॅस चालू राहिल्याची आठवण झाली. दुसऱ्यांदा खुर्चीत बसले, पट्टा लावला, आणि कप्तानाला म्हटलं की बटाटे करपतील. तिसऱ्यांदा कॅन्टीनच्या दारातूनच मागे फिरले. तेव्हा कारण सांगायलासुद्धा सुचलं नाही. तुझ्या पत्रातली ती साठ पावलं मी मोजली कशी, असं तुला वाटलं? त्या तीन दिवसांत मोजली. बहुतेक परत येताना.

आता मी ठरवलंय. कॅन्टीनमध्ये मोडीत काढलेल्या विमानाची एक खुर्ची आहे, पट्ट्यासकट. ती कोठीत ओढून घेतली. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दार लावून पट्टा आवळते, डोळे मिटते आणि विमान निघालं असं समजते. फ्रिज चालू झाला की हुबेहूब इंजिनासारखा घरघरतो. मांजरीची पिल्लं सहप्रवासी. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं टिकले. घामाघूम. काल सव्वीस.

तुझ्या वहीत एकोणऐंशी आहेत ना? तर एकोणऐंशी मिनिटं न हलता बसता आलं की त्या शुक्रवारी मी येणार. घड्याळ मांडीवर घेऊन येणार आणि तुझ्या भिंतीवर स्वतःच्या हाताने टांगणार. तोवर खोका बंद.

तुझी (भित्री) ताई


७ मार्च

ती. ताईस,

सा. न.

हसलो नाही. शपथ. भावजय थोडी हसली, पण तिचे डोळे पाणावले होते, म्हणून तिला माफ कर.

टॉवेल निळाच होता. खोक्यात घड्याळाभोवती तोच आहे. मला वाटायचं तो मीच घातला असेल. सहा वर्षं मी स्वतःला चोर समजत होतो आणि तू मला रागावलेली वाटत होतीस. आपल्या घरात अक्कल वाटताना आई बहुतेक पाणी भरायला गेली होती.

सरावाची प्रगती कप्तान कळवतो. कोठीतून तुझा आवाज येतो म्हणे, "काही होत नाही हो, मावशी!" आणि तो तिकिटवाल्यालाही सांगत नाही. चांगला माणूस आहे. परवा एकावन्न झाली असं कळलं. शाब्बास!

आता एक चमत्कार ऐक. वारा पडला! गेले तीन आठवडे विमान एकदाही रखडलेलं नाही. सोमवारी अडुसष्ट मिनिटं, बुधवारी सहासष्ट, आज एकाहत्तर. कारकूनबाई आकडा लिहितात आणि पुन्हा एकदा मनगटाकडे बघतात. मात्र परतीचा वेळ वाढलाय. एकोणसाठचा एकदम अडुसष्ट झाला. म्हणजे तुमच्याकडचा वारा बिघडला असणार. जरा त्या पिशवीकडे बघून कळव.

पण तू एकोणऐंशीचाच सराव ठेव. हा वारा भरवशाचा नाही, पुन्हा उठला तर मधल्या मधे तुझा धीर संपायला नको. वर आभाळात बटाटे करपले म्हणून उतरता येत नाही.

तुझा,
धाकटा


२८ मार्च
विमानात, खुर्ची क्रमांक ४

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. अक्षर हलतंय ते विमानामुळे. निदान काही तरी विमानामुळे.

या खेपेला टपाल कप्तानाच्या खिशात नाही, माझ्याच हातात आहे. हात रिकामे ठेवू नकोस, लिहीत बस, असं मी सगळ्यांना सांगते. म्हणून लिहिते.

मंगळवारी एकोणऐंशी झाली. पट्टा सोडून उठले तर पाय मुंग्यांनी भरलेले, पण छाती ठिकाणावर. काल पुन्हा करून बघितलं, ऐंशी. आज सकाळी साठ पावलं चालले. पस्तिसाव्या पावलावर गॅस आठवला. तिकिटवाला मागून ओरडला, "मावशी, गॅस मी बंद केलाय!" म्हणजे त्या मेल्याला सगळं ठाऊक होतं. बहुधा सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकोणीस वर्षं झाकली मूठ म्हणून मी जी मिरवत होते, ती उघडीच होती.

विमान जमिनीवरून उठलं तेव्हाचं काही लिहीत नाही. शेजारी एक शाळामास्तर आहेत. त्यांचा दंड मी धरला होता, तो आता सोडलाय. ते चोळत आहेत.

खिडकीतून आमचं कॅन्टीन काडेपेटीएवढं दिसलं. मग समुद्र. आता ढग.

थांब. एक मिनिट थांब.

अरे धाकट्या!

सांगते. सकाळी निघताना खोका उघडला. घड्याळ किल्लीवाचून बंद पडलेलं होतं. म्हटलं, वर वेळ मोजायला होईल. किल्ली दिली, कॅन्टीनच्या घड्याळाकडे बघून काटे लावले आणि मांडीवर घेऊन बसले. आत्ता पाहिलं तर त्यात अकरा वाजायला पाच. मास्तरांच्या हातातल्यात पावणेअकरा. मी म्हटलं, तुमचं मागे आहे. मास्तर म्हणाले, कप्तानाने निघताना 'बरोबर दहा' असं सांगितलं तेव्हाच मी लावून घेतलंय.

आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. बाबांची बस! बाबांची बस चुकू नये म्हणून आई ते घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची. आपण दोघं शाळेत जायच्या आधीपासून मनातल्या मनात दहा वजा करायला शिकलो. सकाळी मी ते लावलं तेव्हा हाताने आपण होऊन दहा मिनिटं पुढे सरकवलं, मला विचारलंसुद्धा नाही! आणि तू लिहिलं होतंस, 'आईसारखंच लावतो.'

कळलं का काही? वही तू लिहायचास तोवर तू बघायचास सव्वाअकरा आणि लिहायचास अकरा पाच. तुझ्या ते ध्यानातही नसायचं. कारकूनबाई आल्या आणि सव्वाअकरा दिसले की सव्वाअकराच लिहू लागल्या. त्यांना काय माहीत आपल्या बाबांची बस! तुझ्याकडे येताना दहा मिनिटं जास्त, परत जाताना दहा कमी. झाला तुझा वारा! तू ते घड्याळ मला पाठवलंस त्या दिवशी तो पडला.

मी एवढ्या मोठ्याने हसले की कप्तानाने मागे वळून बघितलं. मी त्याला म्हटलं, "तू पुढे बघ!" मास्तरांना वाटलं भीतीने माझं डोकं फिरलं. त्यांना सगळी गोष्ट सांगितली. आता तेही हसताहेत. आई असती तर पदर तोंडाला लावून हसली असती, आणि मग म्हणाली असती, "पण बस कधी चुकली का?"

शिखर दिसतंय. आपण त्याला वळसा घालतोय. सुंदर आहे रे. एवढी वर्षं मी लोकांना डोळे मिटायला सांगत होते, चुकलंच माझं.

चाकं टेकली! मास्तर म्हणतात, पासष्ट मिनिटं. मी एकोणऐंशींची तयारी करून आले होते, म्हणजे चौदा मिनिटांचा धीर उरला. त्याचं आता काय करायचं?

दार उघडलंय. सगळे उतरताहेत. मला बंबाच्या काचेत तुझं टक्कल दिसतंय. एवढी ओळ पुरी करते आणि येते.

ताई


१४ एप्रिल

ती. ताईस,

सा. न.

तू गेल्यापासून घर ओकंबोकं वाटतंय. भावजयीने गाद्या पुन्हा उन्हात टाकल्या आहेत. हे सूचक आहे, समजून घे.

आधी बातमी. मुख्य कचेरीला मी सगळं खरं लिहिलं, बाबांच्या बससकट. तुझ्याकडचे ऑम्लेटवाले साहेब स्वतः आले. त्यांनी कप्तानाची वही मागवून ताडून पाहिली आणि विचारलं, "म्हणजे सहा वर्षं हा विमानतळ तुमच्या आईच्या घड्याळावर चालला?" मी हो म्हटलं. मार्चची सरासरी अडुसष्ट आली. मार्ग चालू राहणार! शिवाय ऑफिसला नवं घड्याळ मिळालं. टांगताना माझा हात काट्याकडे गेला, तर कारकूनबाईंनी खुर्चीवर चढून तो धरला. आता घड्याळाची किल्ली त्यांच्याकडे असते.

आईचं घड्याळ तू परत नेलंस ते बरं झालं. कप्तान सांगतो, तुझ्या कॅन्टीनमध्ये ते लागल्यापासून सगळे प्रवासी दहा मिनिटं आधीच शिडीशी उभे असतात. आईला हेच हवं होतं.

आता जे तू इथे आठ दिवस असताना मला बोलता आलं नाही, ते लिहितो.

त्या दिवशी दार उघडलं, माणसं उतरली, आणि तू नव्हतीस. पंखे थांबेपर्यंत मला बंबातून उतरता येत नाही. मी चाक धरून बसलो होतो आणि वाटलं, ताई या खेपेलाही मागे फिरली. मला तुझा राग आला नाही. हायसं वाटलं. हो, हायसं. आणि त्या हायसं वाटण्याची मला इतकी लाज वाटली की मग तू निळा टॉवेल खांद्यावर टाकून आणि घड्याळ पोटाशी धरून दारात आलीस तेव्हा मी रडलो, ते फक्त तुला बघून नव्हे.

विमान आलं की मी जागेवर हवा, आणि विमान नसेल तर येऊ कशाने, हे वाक्य मी बावीस वर्षं घोटून ठेवलेलं आहे. लोकांना ते पटतं. तुलाही पटलं. पण सहा वर्षांपूर्वी मला बदली माणूस होता. आणि विमानात जागाही होती. सात खुर्च्या रिकाम्या होत्या, तिकीट फाडणारा मीच, मला माहीत नसणार का? बदली माणूस बंबात बसला, मी पिशवी घेऊन शिडीपर्यंत गेलो आणि तिथून बसस्टँडवर. एक तास पाच मिनिटांचं अंतर मी तीन दिवसांचं केलं. आईला शेवटचं भेटता आलं असतं. भेटलो नाही. मग भिंतीवरून घड्याळ काढलं.

तू भीती लिहून मोकळी झालीस. मी तुला वाऱ्याचं शास्त्र शिकवत बसलो.

साहेब जाता जाता म्हणाले की जूनपासून बदली माणूस मिळेल. म्हणजे माझं वाक्यही गेलं. जूनच्या पहिल्या शुक्रवारी मी तुझ्याकडे येणार आहे, विमानाने. तुझी ती चौदा मिनिटं उरली आहेत ना? ती तेवढी मला दे. बाकीच्या एकावन्नांची तजवीज मी इथे करतो. बंबाला पट्टा आहे, आणि इंजिन चालू केलं की बराच हलतोही.

हे पत्र तिथेच बसून लिहितोय. पट्टा लावलाय. आज पहिला दिवस, अकरा मिनिटं झाली आणि मी अजून उठलेलो नाही.

तुझा,
धाकटा